फॉर्म तुम्ही भरता, नोटीस त्याला जाते : ऑनलाइन केंद्रचालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महा ई-सेवा केंद्रे, सीएससी केंद्रे आणि ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या दुकानांचे चालक

सप्रेम नमस्कार.

नवा धंदा सुरू करणारा माणूस कर सल्लागाराकडे सगळ्यात शेवटी येतो. आधी तो तुमच्या काउंटरवर असतो. आधारचा पत्ता तुम्ही बदलून दिलेला असतो, मुलीच्या दाखल्याचा फॉर्म तुम्ही भरलेला असतो, त्याच ओघात तो म्हणतो, ‘तेवढा जीएसटी पण काढून टाका.’ आमच्यापर्यंत ती फाईल येते नोटीस निघाल्यावर, नाहीतर नंबर रद्द झाल्यावर. उघडून पाहिलं की बहुतेक वेळा घोळ कायद्याचा नसतो, एखाद्या रकान्याचा असतो. ते रकाने कोणते आणि तिथे काय चुकतं, एवढंच या पत्रात लिहिलं आहे. तुमचं गिऱ्हाईक आमच्याकडे पळवण्याचा हेतू नाही. हे काम तुमच्याच काउंटरवर नीट झालं तर आमच्याकडचे निम्मे हेलपाटे वाचतील.

पहिलं म्हणजे, ‘जीएसटी काढा’ म्हटल्याबरोबर पोर्टल उघडू नका. कशाला हवाय ते विचारा. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. दोन्ही एकत्र करत असेल, म्हणजे पंखे विकतो आणि दुरुस्तीचेही पैसे घेतो, तर २० लाखांचीच मर्यादा धरा. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, गल्ल्यात आलेली रोकडही नव्हे. एका पॅनवर देशभरात झालेली सगळी विक्री यात येते, करमाफ मालाचीसुद्धा. मर्यादेच्या आत असूनही नोंदणी लागते असे काही प्रकार आहेत. त्यातला नेहमी भेटणारा म्हणजे परराज्यात माल विकणं. तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी आली, हस्तकलेच्या वस्तूंसारखे थोडे अपवाद सोडले तर. सेवेचं मात्र तसं नाही. घरी बसून बंगळुरूच्या कंपनीचं डिझाइनचं काम करणाऱ्या मुलीला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ‘परराज्य म्हणजे जीएसटी कंपल्सरी’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, ते काउंटरवरून सरसकट फेकू नका.

बऱ्याच जणांना बँकेने पाठवलेलं असतं. चालू खातं उघडायला बँकेला धंद्याचा पुरावा हवा असतो, आणि तो गुमास्ता (दुकानाची नोंदणी) नि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी यांनीही देता येतो. पंधरा लाखांची उलाढाल असलेल्या किराणा दुकानदाराच्या गळ्यात केवळ खात्यासाठी जीएसटी नंबर बांधला, की विक्री असो-नसो विवरणपत्रं आली. शून्य विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, एका विवरणाला कमाल ५०० रुपये. आणि विवरणं दोन असतात, जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि ३बी (कराचा हिशेब). सहा महिने लागोपाठ भरली नाहीत की नंबर रद्द करण्याची नोटीस. ऐच्छिक नोंदणी घेऊ नये असं नाही. ज्याचं गिऱ्हाईक कंपन्या आहेत आणि ज्याला खरेदीवरचा कर वजा मिळवायचा आहे, त्याने जरूर घ्यावी. पण हे ऐकून घेऊ द्या त्याला, मग ठरवू द्या.

नोंदणी घ्यायचीच ठरली, तर अर्जाआधी दोन मिनिटांचं काम करा. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोध घ्यायची सोय आहे, लॉगिनही लागत नाही. त्या पॅनवर पूर्वी नंबर काढलेला आहे का, चालू आहे की रद्द, ते दिसतं. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी काढून दिलेला आणि विवरणं न भरल्याने रद्द झालेला नंबर निघाला, तर नवा अर्ज करून उपयोग नाही. जुन्याचा हिशेब आधी विचारला जाणार. हे अर्ज फेटाळल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता त्या रकान्याबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. नोंदणी अर्जाच्या भाग ‘अ’मध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल विचारतात, दोन्हीकडे वेगवेगळा ओटीपी जातो. समोरच्याकडे ईमेल नसतो, किंवा असतो पण पासवर्ड आठवत नाही. रांग लागलेली असते. मग तुम्ही तुमच्या दुकानाचा ईमेल टाकता आणि कधी कधी मोबाइलही तुमचाच. काम दहा मिनिटांत पुढे सरकतं, पण त्या क्षणापासून कर खात्याचा त्या माणसाशी होणारा सगळा पत्रव्यवहार तुमच्या इनबॉक्समध्ये. आधार पडताळणीची लिंक तिथे. त्रुटीची नोटीस तिथे, आणि तिला उत्तर द्यायला कामाचे सात दिवस. नंबर मिळाल्यावरचा तात्पुरता पासवर्ड तिथे. पुढे वर्षभराने रद्द करण्याची नोटीस, तीही तिथेच. माणूस आपला दुकानात बसून गिऱ्हाइकं करतोय, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

नंतर बदलता येतं, पण सोपं नाही. लॉगिन हातात असेल तर दुरुस्तीचा अर्ज करून मोबाइल-ईमेल बदलता येतो. लॉगिनच नसेल, तर कागद घेऊन आपल्या कार्यक्षेत्रातल्या कर अधिकाऱ्याकडे जायचं, तिथून नवा ईमेल-मोबाइल नोंदवून घ्यायचा आणि नव्या तात्पुरत्या पासवर्डवर खातं सुरू करायचं. यात दुकान बंद ठेवून किती खेटे पडतात ते तुम्हीच ठरवा. म्हणून ईमेल नसेल तर त्याच्याच फोनवर, त्याच्याच हाताने नवा उघडून द्या. पासवर्ड त्याने स्वतः ठरवावा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. तुमच्या संगणकात ‘जीएसटी पासवर्ड’ नावाची एक्सेल फाईल असेल, तर ती तुमच्याच गळ्यातली घोरपड आहे. उद्या त्या नंबरवर खोटी बिलं फाडली गेली, तर लॉगिन कुणाकडे होतं हा प्रश्न आधी तुम्हाला विचारतील.

त्यालाच जोडून एक. माणूस समोर नसताना नोंदणी करू नका. कुणीतरी पाकिटात तिघा-चौघांची पॅन आणि आधार कार्डं घेऊन येतो, ‘आमच्या कामगारांच्या नावाने फर्म काढायच्यात’ म्हणतो, फीही जास्त देतो. बोगस बिलांच्या कंपन्या याच रस्त्याने उभ्या राहतात, आणि कोट्यवधींच्या कराची नोटीस शेवटी त्या कामगाराच्या घरी जाते. असं पाकीट परत द्या.

नावाकडे वळू. पॅनवर जे नाव आहे तेच अर्जात कायदेशीर नाव म्हणून येतं आणि आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून पाहिलं जातं. जन्मतारीखही जुळावी लागते. अडचण येते ती बायकांच्या अर्जात. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. पापड-मसाल्याचा धंदा तिचा, पण कागदावर ती तीन वेगळ्या बायका. आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्या, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लावून. त्याला लागतील तेवढे दिवस थांबायला सांगा. घाईने ढकललेला अर्ज आधार पडताळणीतच अडकतो. दुकानाचं नाव, म्हणजे ‘ओम साई ट्रेडर्स’ वगैरे, व्यापारी नावाच्या रकान्यात जातं, कायदेशीर नावात नाही.

दोघा मित्रांनी मिळून धंदा काढला असेल तर एकाच्या पॅनवर प्रोप्रायटरशिप टाकून मोकळे होऊ नका. पॅनचं चौथं अक्षर पाहा : ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे फर्म, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एच’ म्हणजे एकत्र हिंदू कुटुंब. भागीदारीला तिचं स्वतःचं ‘एफ’वालं पॅन लागतं आणि भागीदारी पत्र लागतं. पुढे भांडण झालं की नंबर एकाचाच निघतो, माल दोघांचा असतो.

आता पत्ता. अर्ज अडकण्याची सगळ्यात मोठी जागा हीच, तेव्हा इथे जरा थांबावं लागेल.

जागा कोणत्या नात्याने ताब्यात आहे ते एका रकान्यात निवडायचं असतं : स्वतःची, भाड्याची, लीजवर, संमतीने, सामायिक. तुम्ही विचारता, ‘जागा कुणाची?’ तो म्हणतो, ‘आमचीच आहे.’ तुम्ही ‘ओन’ निवडता. घरपट्टी आणि वीजबिल निघतं वडिलांच्या नावावर. घर बोलीभाषेत ‘आमचंच’ असतं, कागदावर ते वडिलांचं असतं, आणि तिथे ‘कन्सेंट’ निवडायला हवं होतं. एवढ्यावरून नोटीस निघते. तेव्हा प्रश्न असा विचारा : ‘घरपट्टीवर नाव कुणाचं?’

नाव अर्जदाराचंच असेल तर मालकीचा एक कागद पुरतो : मालमत्ता कराची पावती, नगरपालिकेचा उतारा, वीजबिल किंवा पाणीपट्टी यांपैकी कुठलाही. नातेवाइकाचं असेल तर त्याचं साध्या कागदावरचं संमतीपत्र, त्याचा ओळखीचा पुरावा आणि त्याच्या नावाचा मालकीचा एक कागद. भाड्याची जागा असेल तर करार आणि घरमालकाच्या नावाचा मालकीचा एक कागद. करार नोंदणीकृत असेल तर घरमालकाचं पॅन-आधार, फोटो यांची गरज नाही. नोंदणीकृत नसेल तर त्याचा ओळखीचा पुरावा जोडावा. ही यादी आमच्या मनाची नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या ०३/२०२५ क्रमांकाच्या सूचनेत ती आहे. उद्यम प्रमाणपत्र, गुमास्ता, ट्रेड लायसन्स असले जादा कागद मागू नयेत, ‘तुम्ही राहता एका गावात, दुकान दुसऱ्या गावात कसं?’ असले तर्काचे प्रश्न विचारू नयेत, असंही तीत आहे. एक लक्षात ठेवा, ती सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला तर तिचा दाखला नम्रपणे द्या, दरडावून नको. कागद जोडण्याची यादी म्हणून मात्र ती छापून काउंटरवर चिकटवण्यासारखी आहे.

भाडेकराराचं आपल्याकडे एक खास दुखणं आहे. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला, नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदणी नको’ हा समज आपल्या राज्यात चालत नाही. ई-रजिस्ट्रेशन घरबसल्या होतं, तुमच्यापैकी अनेक जण ते करूनही देता. मग जीएसटीच्या अर्जाआधीच ते करून घ्या. करारात एक वाक्य डोळ्यांत तेल घालून वाचा : जागा निवासासाठी दिली आहे की व्यवसायासाठी? ‘फक्त निवासी वापरासाठी’ असा छापील मजकूर तसाच राहिलेला असतो आणि वर अर्ज असतो मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचा.

वीजबिल आजोबांच्या नावावर आणि आजोबा वारलेले, हे तर घरोघरी. मृत माणसाचं संमतीपत्र मिळत नाही आणि वीजबिलावरचं नाव एका रात्रीत बदलत नाही. अशा वेळी वीजबिलाचा नाद सोडा. वारसनोंद झालेली असेल तर शहरात मिळकत पत्रिका किंवा मालमत्ता कराची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा घ्या. त्यावर हयात वारसांची नावं आहेत का पाहा आणि त्यांचं संमतीपत्र लावा. वारसनोंदच झालेली नसेल तर ती आधी. दुसरा आडमार्ग सुचवू नका, आजोबांच्या नावाने सही तर मुळीच नको.

पत्ता टाइप करताना तो बिलावर आहे तसाच टाका. बिलावर ‘शाहूनगर’ एकत्र असेल आणि तुम्ही ‘शाहू नगर’ तोडून लिहिलं, तर कुणी नोटीस काढत नाही. पण घर क्रमांक, गट क्रमांक, पिनकोड यांत फरक पडला की काढतात. गावात रस्त्याला नाव नसतं आणि रस्त्याचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तिथे उताऱ्यावरची वाडी, आळी किंवा ‘बसस्टँडजवळ’सारखी खरी खूण लिहा. नकाशावरची टाचणी दुकानाच्या जागेवरच टोचा. गावाच्या नावावर आपोआप बसलेली टाचणी दोन-दोन किलोमीटर लांब असते. पडताळणीला माणूस आला तर तो टाचणीकडे जाणार.

छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगरच्या केंद्रांसाठी वेगळं सांगतो. जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर आहे, नव्यांवर नवी नावं. पोर्टलच्या यादीत जे नाव दिसतं ते निवडा, आणि कागदावर वेगळं असेल तर सोबत एका ओळीचा खुलासा जोडून टाका. नोटीस यायची वाट पाहू नका.

कागद चढवताना अर्जदाराचा फोटो जेपीईजीमध्ये १०० केबीच्या आत लागतो. बाकी कागदांची मर्यादा त्या-त्या रकान्याजवळ लिहिलेली असते. ती गाठण्यासाठी वीजबिल इतकं दाबलं जातं की नावसुद्धा वाचता येत नाही. महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकला की मूळ पीडीएफ मिळतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोपेक्षा ते हलकं असतं आणि स्वच्छही.

धंद्याचं स्वरूप निवडताना हात आखडता ठेवा. ‘पुढेमागे करेन’ म्हणून निर्यात, आयात, वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, गोदाम सगळ्यांवर टिचक्या मारलेल्या अर्जाकडे अधिकारी संशयाने पाहतो, आणि त्यात त्याची चूक नाही. वस्तूंचे पाचपर्यंत एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचे ठरलेले क्रमांक) आणि सेवांचे पाचपर्यंत कोड टाकता येतात. सगळ्यात जास्त खपणारा माल आधी टाका, बाकी नंतर वाढवता येतात.

नोंदणीचं कारण हा रकाना दिसायला साधा, पण यात पैसे जातात. उलाढालीची मर्यादा ओलांडली असेल तर ती ओलांडल्याच्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. मुदतीत केला तर नोंदणी त्या मागच्या तारखेपासून धरली जाते आणि दुकानात पडून असलेल्या मालावरचा भरलेला कर वजा मिळण्याचा हक्क राहतो. त्यासाठी आयटीसी-०१ हा फॉर्म ३० दिवसांत भरायचा, बिलं एक वर्षापेक्षा जुनी चालत नाहीत आणि रक्कम दोन लाखांवर असेल तर सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. मुदत चुकली तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून, मधल्या दिवसांच्या विक्रीवरचा कर मात्र खिशातून. म्हणून मर्यादा ओलांडलेल्या माणसाच्या अर्जात ‘ऐच्छिक’ टाकू नका, आणि ऐच्छिकवाल्याच्या अर्जात ‘मर्यादा ओलांडली’ टाकून मनाला येईल ती तारीख लिहू नका. ती तारीख म्हणजे त्याचा कबुलीजबाब असतो.

कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरण्याची छोट्यांसाठीची योजना. तिची टिचकी मारण्याआधी तीन गोष्टी सांगा. व्यापारी आणि उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का, हॉटेलला ५ टक्के. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरचा कर वजा मिळत नाही. आणि परराज्यात माल विकता येत नाही. कंपन्यांना माल देणाऱ्याने यात पडू नये. त्याच्या बिलावर कंपनीला कर वजा मिळणार नाही, मग दुसऱ्यांदा ऑर्डर कोण देईल?

१ नोव्हेंबर २०२५ पासून नियम १४अ खाली एक सोपा रस्ता आला आहे. नोंदणीकृत गिऱ्हाइकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाख रुपयांच्या आत राहील असं ज्याला वाटतं, त्याने तो निवडला आणि आधार पडताळणी केली, की कामाच्या तीन दिवसांत नंबर मिळतो. बहुतेक छोट्यांना हा पुरेसा आहे. ज्याचा धंदा कंपन्यांशी मोठ्या रकमांचा होणार आहे, त्याला मात्र नेहमीच्याच रस्त्याने न्या. १४अ मधून बाहेर पडायला वेगळा अर्ज आणि त्याआधी भरलेली विवरणं लागतात.

अर्ज पाठवल्यावर तुमचं काम संपलं असं वाटतं, पण एआरएन (अर्जाचा पोच क्रमांक) लगेच मिळत नाही. आधार पडताळणीची लिंक येते. काहींना ओटीपीवर भागतं, काहींना बायोमेट्रिकसाठी जीएसटी सुविधा केंद्रात जाण्याची वेळ घ्यावी लागते. जाताना मूळ पॅन, मूळ आधार, अर्जाला जोडलेले मूळ कागद आणि वेळ मिळाल्याचा ईमेल सोबत हवा. लिंक १५ दिवसांच्या आत वापरायची. हे सगळं ज्या ईमेलवर येतं तो कुणाचा, हे वर लिहिलंच आहे.

नेहमीच्या रस्त्यात पडताळणी झाल्यावर अधिकाऱ्याला कामाचे सात दिवस असतात. जागेची पाहणी ठरली तर ३० दिवस. पाहणीला माणूस येईल तेव्हा दुकानाला पाटी असावी आणि आत कुणीतरी असावं, बस. पाटीवर जीएसटी नंबर नंतर येतो.

आरईजी-०३ ही त्रुटीची नोटीस आली, तर तिचं उत्तर आरईजी-०४ मध्ये. इथे एक बारीक गोष्ट हमखास चुकते. उत्तराच्या पानावर विचारतात, अर्जात बदल करायचा आहे का? बरेच जण ‘नाही’ ठेवून खुलाशाच्या चौकटीत ‘योग्य कागद जोडला आहे’ असं लिहितात आणि फाईल खाली चिकटवतात. मूळ अर्जात चुकीचा कागद तसाच राहतो. ‘होय’ निवडा, अर्ज पुन्हा उघडेल. पत्त्याच्या टॅबमध्ये जा, जुनी फाईल काढून टाका, नवी चढवा, जतन करा, आणि मग खुलाशात लिहा की कोणता कागद कुठे बदलला. नोटिशीत चार मुद्दे असतील तर चारही मुद्द्यांना क्रमाने उत्तर. तीनच दिलीत तर चौथ्यावर अर्ज फेटाळतात, आणि त्या फेटाळण्यात गैर काही नसतं.

नंबर मिळाला की ३० दिवसांत, आणि पहिलं जीएसटीआर-१ भरण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत बँक खातं जोडायचं. नाही जोडलं तर नंबर निलंबित होतो. खातं धंदा ज्याच्या नावावर त्याचंच. बायकोच्या बचत खात्याचा चेक चालत नाही.

एवढं झाल्यावर तो माणूस समजतो की राज्याचा कर झाला. तुमच्यातलेही बरेच जण तसंच समजता. व्यवसाय कर राहिला. तो महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कर अधिनियम, १९७५ खाली आहे, त्याचं पोर्टल वेगळं, महाजीएसटीचं, आणि जीएसटी नोंदणीने तो आपोआप होत नाही. जीएसटी लागत नाही म्हणून व्यवसाय कर लागत नाही, असंही नाही.

यात नंबर दोन. पीटीईसी हा मालकाचा स्वतःचा, बहुतेकांना वर्षाला २,५०० रुपये. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचा वेगळा. वय ६५ च्या वर असेल तर सूट आहे, ती आठवणीने विचारा. पीटीआरसी हा नोकर ठेवणाऱ्याचा, पगारातून कापून भरण्यासाठी. पुरुषाचा पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर काही नाही, १०,००० पर्यंत महिन्याला १७५, त्यावर २००, आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत काही नाही. फेब्रुवारीचे ३०० का, हे गिऱ्हाईक विचारतंच : अकरा महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून २,५०० होतात, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने वर्षाला तेवढीच कमाल घालून दिली आहे.

दोन्हीसाठी लागू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. उशीर झाला तर पीटीआरसीला दिवसाला ५ रुपये आणि पीटीईसीला २ रुपये दंड होऊ शकतो. आकडा किरकोळ वाटतो, वर्षं गेल्यावर वाटत नाही. ३१ मेपर्यंत नावनोंदणी असेल तर पीटीईसीचे पैसे ३० जूनपर्यंत, नंतरची असेल तर नोंदणीपासून एका महिन्यात. पीटीआरसीला विवरणही असतं, ते उशिरा गेलं तर १,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क.

चलन भरताना नंबर नीट पाहा. पीटीआरसीचा २७ ने सुरू होतो, पीटीईसीचा ९९ ने, आणि शेवटी दोन्हीकडे ‘पी’. मालकाचे २,५०० रुपये २७ च्या नंबरवर गेले की पैसे सरकारकडे जमा असतात आणि पीटीईसीची थकबाकी तशीच उभी राहते. एमटीआर-६ या चलनावर ‘पैसे भरा’ दाबण्याआधी पहिले दोन अंक बोट ठेवून वाचा.

शेवटी एक चिठ्ठी द्या, छापील असली तर उत्तम. तीवर जीएसटी नंबर, पीटीईसी आणि पीटीआरसी नंबर, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल, बँक खातं जोडण्याची शेवटची तारीख, पहिल्या विवरणाची तारीख. खाली तुमची फी. आणि त्याच ओळीत लिहा : सरकारी नोंदणी शुल्क, जीएसटी आणि व्यवसाय कर दोन्हीचं, शून्य रुपये.

आपले,
कर सल्लागारीच्या कामातले काही जण